एकटीचे गाणे आणि संगीत परिषद

परिषद, संमेलन आणि महोत्सव हे तीन शब्द आपण आता जवळजवळ एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत. संगीताच्या बाबतीत तर फारच सैलपणे. मंडप घातला, पाचसहा कलावंत बोलावले, ध्वनिक्षेपक लावला, की तिन्हींपैकी कोणतेही नाव चालते. परंतु पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी मार्च १९१६ मध्ये, महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने, बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली, तेव्हा त्यांच्या मनात परिषद या शब्दाचा जुना, धातूला धरून असलेला अर्थ असावा. भोवती बसणे, एकमेकांसमोर बसणे, असा तो अर्थ. गाणारे उस्ताद, ग्रंथ वाचणारे पंडित आणि संगीतावर प्रेम करणारे शिक्षित गृहस्थ यांना एका छताखाली आणून रागस्वरूपे, श्रुती, स्वरलिपी यांविषयी बोलते करावे, हा त्यांचा हेतू होता. पुढच्या परिषदा १९१८ मध्ये दिल्लीस, १९१९ मध्ये काशीस आणि त्यानंतर लखनौस झाल्या. आणि १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले ते याच प्रयत्नांतून.

भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' मराठीत लिहिलेली आहे आणि ती गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे, ही गोष्ट भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना मुद्दाम सांगावी अशी वाटते. शिष्य शंका काढतो, गुरू ग्रंथ दाखवितो, शिष्य पुन्हा अडवितो, मग गुरू सांगतो की अमुक प्रांतात अमुक घराण्याचे लोक हा राग निराळा गातात. या ग्रंथातला संवाद कागदावरचा. परिषदेत तो जिवंत माणसांत घडावा, असेच त्यांना वाटत असणार. ज्याला शंका विचारायला घरी कोणी उरलेले नाही, अशा गाणाऱ्याला या संवादाचे मोल फार लवकर कळते. मी त्यांपैकी एक आहे.

मी काशीची. ब्रह्मघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या बाजूला जी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांतल्याच एका घरात मी वाढले. गाणे शिकले ते याच मोहल्ल्यात, आम्ही ज्यांना काका म्हणत असू अशा एका वृद्ध गवयाकडे. काकांचे नाव कोणत्याही घराण्याच्या वंशवृक्षात सापडणार नाही. ते काही काशीत, काही गयेत, थोडे ग्वाल्हेरच्या एका बुवांकडे असे शिकले होते आणि आयुष्यभर शिकवण्या करून राहिले होते. माझेही तेच चालले आहे. मी कोणत्याही विद्यापीठाच्या संगीत विभागात नाही, आकाशवाणीच्या नोकरीत नाही, कोणा मोठ्या नावाची गंडाबंध शिष्या नाही. सकाळ-संध्याकाळ शिकवण्या आणि दुपारी स्वतःचा रियाज, असा माझा दिवस असतो.

अशा कलावंतास हल्ली 'स्वतंत्र' म्हणतात. शब्द चांगला आहे. पण त्यातल्या स्वातंत्र्याचा हिशेब मांडून पाहावा लागतो. पूर्वी दरबार होते. दरबार मावळले तेव्हा त्यांची जागा काही अंशी आकाशवाणीने घेतली. १९५२ पासून दहा वर्षे माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठीभाषी मंत्री. त्यांच्या काळात कलावंतांच्या ध्वनिपरीक्षा आणि श्रेणी यांची पद्धत घट्ट झाली, आणि १९५४ मध्ये आकाशवाणी संगीत संमेलन सुरू झाले. या पद्धतीविषयी तेव्हाही पुष्कळ कुरकुर झाली. तरी एक खरे, की परीक्षेला बसणाऱ्याला कोणीतरी ऐकत होते आणि त्याचे कोठे चुकते हे कोणीतरी ठरवीत होते. विद्यापीठातल्या अध्यापकाला सहकारी असतात. घराण्यातल्या गायकाला गुरुबंधू असतात. ते मत्सर करतील, पण कान उघडे ठेवतील. एकट्याने गाणाऱ्याला पैशाची चणचण असते हे सर्वांना दिसते. त्याचे गाणे तपासणारा दुसरा कान नसतो हे मात्र फारसे कोणाला दिसत नाही. दहा वर्षे एकाच खोलीत, एकाच तंबोऱ्यावर, आपल्याहून कमी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर गात राहिले, की आपली सवय हाच रागाचा नियम वाटू लागतो.

मला परिषदांकडे ढकलणारे कारण मात्र याहूनही नेमके होते. काकांनी मला गौरी रागातील एक विलंबित बंदिश शिकविली होती. गौरी हा सूर्यास्ताचा, संधिप्रकाशातला राग. त्याची दोन रूपे भातखंड्यांनी नोंदविली आहेत : एक भैरव थाटातले, शुद्ध मध्यमाचे, दुसरे पूर्वी थाटातले, तीव्र मध्यमाचे. काकांची गौरी पहिल्या जातीची होती आणि मंद्र निषादाशी घुटमळत षड्जावर येण्याची तिची एक फार करुण रीत होती. बंदिशीत सांजवेळी गायी परतण्याचे, गोधुळीचे वर्णन आहे. पण काकांना फक्त अस्थाई मिळाली होती. त्यांच्या गुरूंनी अंतरा दिला नाही. अंतरा हातचा राखून ठेवणे ही जुन्या काळची सर्वपरिचित चाल. शिष्याची निष्ठा पुरती पटली की मग द्यायचा. ती वेळ येण्यापूर्वीच ते गुरू वारले. काकांनी साठ वर्षे ती अस्थाई अंतऱ्यावाचून गायिली. नवा अंतरा रचण्याची त्यांची योग्यता होती, माझीही थोडीफार असेल, पण ते म्हणत, "आहे कुठेतरी. असलेली गोष्ट आपण बनवू नये." ते गेले, आणि ती अर्धी बंदिश माझ्याकडे आली. छापील संग्रहांत मी ती शोधली, सापडली नाही. माझ्यामागे माझ्या विद्यार्थिनी ती अर्धीच गातील आणि एके दिवशी कोणालाच कळणार नाही की तिला आणखी एक भाग होता, या विचाराने मला अस्वस्थ केले.

मग मी दर हिवाळ्यात बाहेर पडू लागले. एका खासगी शाळेने मला संगीत शिक्षिकेची जागा देऊ केली होती; अट अशी की डिसेंबर-जानेवारीत रजा मिळणार नाही, कारण स्नेहसंमेलनाची तयारी तेव्हाच असते. उत्तर हिंदुस्थानातल्या परिषदांचा हंगामही नेमका तोच. मी नाही म्हटले. घरात या निर्णयाचे कौतुक झाले नाही. महिन्याच्या शेवटी मलाही ते नेहमीच सोपे गेले असे नाही.

प्रत्येक ठिकाणचा स्वभाव निराळा. जालंधरला देवी तालाबावर १८७५ पासून चालत आलेले हरिवल्लभ संमेलन डिसेंबरच्या अखेरीस, कडाक्याच्या थंडीत भरते. श्रोते रजया पांघरून बसतात आणि तिकीट नसते. कलकत्त्याचे डोव्हर लेनचे संमेलन १९५२ पासूनचे, जानेवारीतले, रात्रभर जागणारे. तिथल्या जाणत्या श्रोत्यांची चूकभूल टिपण्याची शक्ती पाहून गाणाऱ्याला घाम फुटावा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. तेथे हजारो माणसे एका वेळी शांत कशी बसू शकतात, हेच आधी शिकावे. आमच्या काशीत संकटमोचन मंदिराचा समारोह हनुमान जयंतीच्या सुमारास होतो आणि तेथे मोठमोठे कलावंत बिदागीचा विचार न करता हजेरी लावतात. तुलसीघाटावर १९७५ पासून ध्रुपद मेळा भरतो. या सर्व ठिकाणी गाणे ऐकायला मिळते; पण भातखंड्यांच्या अर्थाची परिषद, म्हणजे प्रश्न विचारण्याची जागा, फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

ती मला सर्वांत ठसठशीतपणे दिसली मद्रासला, आजच्या चेन्नईत. १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनाला जोडून तेथे जी संगीत परिषद झाली, तिच्यातून म्युझिक अकादमीचा जन्म झाला. डिसेंबरमधल्या वार्षिक परिषदेत संध्याकाळी कचेरी आणि सकाळी सप्रयोग व्याख्याने, अशी विभागणी तेथे आजही पाळतात. रागलक्षणांवर जाणकारांनी एकत्र बसून चर्चा करावी आणि ती अकादमीच्या नियतकालिकात छापून ठेवावी, अशी रीत १९३० च्या दशकापासूनची. कर्नाटक संगीतातले मला अर्धेमुर्धेच कळते. तरीही मी तेथे एका सकाळी जे पाहिले ते विसरले नाही : एका रागातील एका स्वराच्या हलण्यावरून दोन वृद्ध विद्वान आवाज न चढविता पाऊण तास भांडत होते आणि दोघेही प्रमाण म्हणून गाऊन दाखवीत होते. आमच्याकडे हा वाद बहुधा पाठीमागे होतो, समोरासमोर होत नाही.

तेथून परतल्यावर मी माझी एक पद्धत बसविली. वर्षाकाठी दोन परिषदा. तीन परवडत नाहीत. जायचे ते पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. नामवंताचे गाणे ऐकून परत फिरणाऱ्याला फक्त गाणे मिळते; परिषदेत खरी बोलणी सुरू होतात ती तिसऱ्या दिवशी, चेहरे ओळखीचे झाल्यावर. जाताना एकच प्रश्न घेऊन जायचा आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. दहा प्रश्न नेले तर एकाचेही उत्तर मिळत नाही, कारण ऐकणाऱ्याला आपण जिज्ञासू वाटत नाही, उपद्रवी वाटतो. सकाळचे सत्र चुकवायचे नाही, मग श्रोते बाराच असोत. साथीदारांशी बोलायचे. तबला, सारंगी, हार्मोनियम, इसराज वाजविणाऱ्यांनी पन्नास गवयांना साथ केलेली असते. कोणत्या गावी कोण काय गातो याची नोंद त्यांच्या बोटांत असते आणि त्यांना विचारायला सहसा कोणी जात नाही. जे मिळाले ते त्याच रात्री स्वरलिपीत उतरवायचे, आणि ज्याने दिले त्याला घरी पोचल्यावर आठ दिवसांच्या आत पत्र लिहायचे. पत्रात आपल्याकडची एखादी चीज पाठवायची. नुसते घेणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी काही देत नाही, आणि देऊही नये.

गाण्याची संधी मिळाली तर काय करावे, याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कारण परिषदेला जाणारा प्रत्येक एकटा कलावंत मनातल्या मनात त्याचीच वाट पाहत असतो. एका ठिकाणी मला वेळ देऊ केली ती 'सहयोगनिधी' या नावाखाली काही रक्कम मागून. मी दिली नाही. रक्कम देऊन गाणाऱ्यास श्रोते मिळतात, परंतु त्याला कोणी अडवीत नाही. आणि अडविले जाणे हेच तर मला हवे होते. जेथे सरळपणे वेळ मिळते तेथे ती बहुधा पहिली असते. दीपप्रज्वलन झालेले, सत्कार उरकलेले, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. या पहिल्या वेळेची तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. मला मात्र त्या वेळेत एक ऐवज सापडला.

घड्याळाने आमच्या संगीतावर दोन्ही टोकांनी दाब आणला आहे. २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातले काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. नियमाचे कारण योग्य आहे; आजारी माणसाला झोप हवीच. पण त्यामुळे उघड्या मंडपातील रात्रभराच्या बैठका सरल्या, आणि उत्तररात्रीचा सोहनी, पहाटेचा ललत हे राग त्यांच्या वेळी ऐकणे दुर्मिळ झाले. बंद सभागृहांना तो नियम लागू नाही, म्हणून कलकत्त्यासारख्या ठिकाणी रात्र अजून टिकून आहे. दुसऱ्या टोकाला सूर्यास्ताची वेळ भाषणांनी घेतली. नामवंत गायक मंचावर येतो तेव्हा यमनाची वेळ झालेली असते, किंवा तीही टळलेली असते. श्री, मारवा, गौरी यांची वेळ कोणाच्या वाट्याला येते? त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर गाणाऱ्या अपरिचिताच्या. मोठ्यांना जे राग त्यांच्या वेळी गाता येत नाहीत ते आम्हांला गाता येतात. म्हणून पंचवीस मिनिटे मिळाली की मी गौरीच गाते. सभागृह भरलेले नसते. पण जे पाचपंचवीस लोक त्या वेळी आलेले असतात, ते गाणे सुरुवातीपासून ऐकायचे म्हणूनच आलेले असतात.

अशाच एका संध्याकाळी मी अंतऱ्यावाचून गौरी गायिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात संधिप्रकाश रागांवर निबंध होता. शेवटी मी गौरीतल्या मंद्र निषादाविषयी माझा प्रश्न विचारला. वक्त्यांनी ग्रंथातला उतारा सांगून उत्तर दिले. ते बरोबरच होते, परंतु मला पुरले नाही. चहाच्या वेळी एक वृद्ध इसराजवादक माझ्याजवळ येऊन उभे राहिले. ते गयेचे. आदल्या रात्री त्यांनी कोणाला तरी साथ केली होती. त्यांनी विचारले, "बेटी, कालची अस्थाई कोणाची?" मी काकांचे नाव सांगितले, त्यांच्या गुरूंचेही. त्यांनी मला मंडपामागे नेले, तंबोऱ्यावाचून अस्थाई पुन्हा म्हणायला लावली, मंद्रात एका ठिकाणी थांबवून ती जागा तीनदा घोटून घेतली. मग त्यांनी थकलेल्या, बारीक आवाजात अंतरा म्हटला.

मी भ्रमणध्वनी बाहेर काढला तर त्यांनी हाताने खाली केला. "आधी म्हण, मग लिही, मग पुन्हा म्हण." दुपारची जेवणे होईपर्यंत आम्ही तेथेच बसलो होतो. त्यांनी तो अंतरा लहानपणी आपल्या चुलत्यांकडून घेतला होता. त्यांच्याकडे अस्थाई होती ती थोड्या निराळ्या शब्दांची. निघताना त्यांनी मोबदला मागितला : काकांचा एक तराणा, ज्याची कीर्ती त्यांनी काशीच्या कोणा तबलजीकडून ऐकली होती. तो मी त्यांना सबंध दिला, कसलाही भाग राखून न ठेवता.

गोष्ट येथे संपली असती तर ती फारच सोयीची झाली असती. त्यांच्या अंतऱ्यात उतरताना एकदाच, अगदी ओझरता, तीव्र मध्यम लागतो. काकांच्या गौरीत तो निषिद्ध. म्हणजे हा अंतरा त्याच बंदिशीचा, की दुसऱ्या गौरीतून वाहत येऊन तिला चिकटलेला? की काकांच्या गुरूंनी नेमका याच मध्यमासाठी तो राखून ठेवला होता? मी पुढे दोन परिषदांत हा प्रश्न नेला. एकाने सांगितले, तो स्वर गाळून टाक, राग शुद्ध होईल. दुसऱ्याने सांगितले, तो स्वर आहे म्हणून तर बंदिश जुनी. इसराजवादकांना पत्र लिहिले. त्यांच्या नातवाच्या हातचे उत्तर आले की आजोबा म्हणतात, मला मिळाला तसा दिला.

मीही तसेच ठरविले. अस्थाई काकांची आणि अंतरा गयेचा, तीव्र मध्यमासह, असे मी गाते आणि गाण्यापूर्वी दोन वाक्यांत तसे सांगते. माझ्या विद्यार्थिनींच्या वह्यांत दोन्ही पाठ समोरासमोरच्या पानांवर आहेत, कोणाकडून कोठे मिळाले याच्या नोंदीसह. हस्तलिखितांचे पाठभेद जुळविणाऱ्या संशोधकांना यात नवे काही वाटणार नाही. आमच्याकडे मात्र प्रत म्हणजे एक म्हातारा माणूस असतो. तो हयात असेतोवर त्याच्यासमोर जाऊन बसावे लागते, आणि तो कोणत्या गावी, कोणत्या मंडपामागे भेटेल हे घरी बसून कळत नाही.

परिषदांनी मला नाव दिले नाही. आमंत्रणे मोजकीच येतात, बिदागी बहुतेक वेळा प्रवासातच जाते, आणि शिकवण्यांची संख्या होती तेवढीच आहे. यंदाच्या हिवाळ्यासाठी वहीच्या पहिल्या पानावर खट रागाविषयी एक प्रश्न लिहून ठेवला आहे. काकांनी तो राग एकदाच, अर्धा तास सांगितला होता, आणि त्यातल्या दोन जागा मला अजून एकमेकींना जोडता येत नाहीत. गाडीचे तिकीट काढायचे राहिले आहे.